वनस्पतीसृष्टी शिकवायची कशी? तक्ता आधी की पान आधी?

खडूफळा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवतोय. पेशी, आनुवंशिकता, प्रकाशसंश्लेषण हे सगळं बऱ्यापैकी जमतं. पण वनस्पतीसृष्टीचा धडा आला की शिकवायच्या आधी माझंच तोंड उतरतं. फळ्यावर तक्ता काढायचा, वर वनस्पतीसृष्टी, खाली अबीजी आणि सबीजी, एकीकडे थॅलोफायटा (शैवालं), ब्रायोफायटा (मॉस वगैरे), टेरिडोफायटा (नेचे, म्हणजे फर्न), दुसरीकडे अनावृतबीजी (बी उघडं) आणि आवृतबीजी (बी फळात झाकलेलं). प्रत्येकाखाली तीन लक्षणं, दोन उदाहरणं. मुलं उतरवून घेतात, पाठ करतात, चाचणीत पैकीच्या पैकी मिळवतात आणि पंधरा दिवसांत सगळं पुसलं जातं.

धागा काढायचं कारण वेगळंच आहे. गेल्या वर्षी वर्गात सुरूच्या झाडाची फांदी घेऊन गेलो. सुईसारखी पानं, लाकडी शंकू, म्हणजे अनावृतबीजी, असं ठणकावून सांगितलं. फांदी बाकांवरून फिरली. शेवटच्या बाकावरच्या मुलीने त्यातली एक 'सुई' दोन्ही टोकांना धरून ओढली. ती टक्‌ करून सांध्यात तुटली. मग दुसऱ्या सांध्यात. मग तिसऱ्या. ती म्हणाली, "सर, हे पान असेल तर त्याला पेरं कशी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "उद्या सांगतो" म्हणालो. घरी जाऊन पाहिलं तेव्हा कळलं की सुरू चक्क आवृतबीजी आहे, आणि मी बारा वर्षं उलटंच शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की तक्ता मला तोंडपाठ होता आणि फांदी हातात होती, तरी तिच्याकडे मी पाहिलंच नव्हतं. पाहिलं त्या मुलीने, जिला तक्ता अजून यायचा होता.

यंदा सात तासिका आहेत. तक्ता शेवटी नेऊन आधी झाडं हातात द्यावीत असं डोक्यात आहे. कोणी केलंय का? फसेल का?

रानवेडी
खडूफळा सर, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

सुरूच्या त्या सांध्यावर भिंग धरून पाहा. बारीक दातांचं एक कडं दिसेल, साधारण सहा ते आठ दात. ते दात म्हणजे पानं. हिरवी काडी हे खोड. पानं एवढी आकसलीत की अन्न तयार करायचं काम खोडावर येऊन पडलंय. आणि तो 'शंकू' म्हणजे फळांचा घोस. वाळला की त्यावर चोचीसारख्या फटी उघडतात आणि प्रत्येक फटीतून पंख असलेला एक दाणा सुटतो. तो दाणा हे बी नाही, ते आख्खं फळ. बी त्याच्या आत, झाकलेलं.

गंमत पुढे आहे. सुरूच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द आहे 'इक्विसेटिफोलिया', म्हणजे इक्विसेटमसारखी पानं असलेली. इक्विसेटम हे टेरिडोफायटातलं, त्यालाही अशीच पेरं आणि असंच दातेरी कडं असतं. म्हणजे दिसायला टेरिडोफायटा, शंकू अनावृतबीजीचा वाटणारा, आणि असली जात आवृतबीजी, तीही द्विबीजपत्री, म्हणजे बीमध्ये दोन दलं असलेली. एका काडीत निम्मा धडा आहे! मी तर पहिली तासिका सुरूवरच घेतली असती.

उलटा फसवाफसवीचा नमुना हवा असेल तर नीटम ही वनस्पती. रुंद पान, जाळीदार शिरा, कोणीही डोळे झाकून द्विबीजपत्री म्हणेल. आहे अनावृतबीजी.

गुणपत्रिका
सर, राग मानू नका, पण मी तक्त्याच्या बाजूने आहे. शिकवण्या घेते, दरवर्षी शंभरेक मुलं हाताखालून जातात. मुलांना आधी खुंट्या लागतात. खुंट्याच नसतील तर कपडे टांगणार कुठे? पान हातात दिलं की वर्ग दहा मिनिटं खूश असतो, मग "सर, हे आमच्या दारात आहे", "सर, याला वास येतो" सुरू होतं आणि तास संपतो. शेवटी परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' हेच येणार. ज्या मुलाला घरी विचारायला कोणी नाही, त्याला तक्ता हाच आधार असतो. तो काढून घेऊ नका.

आणि सुरूसारखे अपवाद पहिल्याच दिवशी दाखवणं म्हणजे पोहायला शिकवताना आधी भोवरा दाखवण्यासारखं आहे.

दहावीची_आई
वाचतेय. माझी लेक म्हणते, "प्राण्यांचा धडा बरा, ते काहीतरी करतात तरी. झाडं नुसती उभी असतात." यावर काय बोलावं मला सुचलं नाही.

सूक्ष्मदर्शी
@दहावीची_आई, तुमची लेक एकटी नाही. चित्रात हरीण आणि झाडी दोन्ही असली की माणसाला हरीण दिसतं, झाडी मागचा पडदा होते. वँडरसी आणि शुस्लर या दोघांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस याला 'वनस्पती-अंधत्व' असं नाव दिलं. दोघेही जीवशास्त्र शिकवण्याच्याच क्षेत्रातले, तेव्हा वैताग कुठून आला असेल ते समजू शकतं.

आता तक्त्याबद्दल. गुणपत्रिकाताईंचं अर्धं पटतं. खुंट्या हव्यातच. पण पाच गटांच्या तीन-तीन लक्षणांच्या पंधरा खुंट्या कशाला? एकच मजबूत खुंटी ठोका. मी एकच प्रश्न घेऊन पाचही गटांतून जातो: नराची पेशी मादीच्या पेशीपर्यंत पोहोचते कशी?

पाण्यात राहणाऱ्या शैवालाला चिंता नाही. सगळीकडे पाणीच आहे.

मॉस जमिनीवर आलं, पण लग्नाला पाणी लागतंच. नराच्या पेशीला दोन शेपट्या, ती पोहत जाणार. पावसाचा थेंब किंवा दवाचा पातळ थर हवा. म्हणून मॉस बुटकं आणि दाटीवाटीने राहणारं. पोहून जायचं अंतर जितकं कमी तितकं बरं.

नेच्याने आत पाइपलाइन टाकली, उंच झाला, पण याही बाबतीत सुटका नाही. फक्त ते पोहणं आपल्याला दिसत नाही, कारण ते नेच्याच्या पानावर होतच नाही. पानावरून सुटलेला बीजाणू (धुळीच्या कणासारखी एक पेशी) मातीत पडतो, त्यातून नखाएवढी, बदामाच्या आकाराची हिरवी चकती उगवते. तिच्या खालच्या बाजूला पोहण्याचा कार्यक्रम होतो आणि मग तिथून नेच्याचं रोप वर येतं. मुलांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. एकाच वनस्पतीचे दोन जन्म, दोन रूपं! हे जमिनीवरच्या सगळ्या गटांत एकाच सूत्राने चालतं हे होफमाइस्टरने १८५१ मध्ये दाखवलं. हा गृहस्थ संगीताची पुस्तकं छापून विकणाऱ्या घरातला, वनस्पतिशास्त्र स्वतःच शिकलेला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

सायकस आणि गिंको या अनावृतबीजी झाडांत खरी मजा. परागकण वाऱ्याने येतो, नलिकाही काढतो, आणि शेवटच्या टप्प्यावर आतून पोहणारी पेशी सोडतो! बीजांडाच्या आत स्वतःचंच थेंबभर तळं असतं. गिंकोमधलं हे पोहणं टोकियोत हिरासे यांनी १८९६ मध्ये पाहिलं. तेही तिथे मोठे प्राध्यापक वगैरे नव्हते, चित्रं काढायला आणि नमुने तयार करायला ठेवलेले होते. सायकसच्या या पेशीला हजारो शेपट्या असतात.

पाइनने पोहणं बंद केलं. नलिकाच थेट घरापर्यंत. पण घाई नाही. पराग येऊन पडल्यावर फलन व्हायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. फुलवाल्यांनी, म्हणजे आवृतबीजींनी, हेच काम बऱ्याचदा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उरकलं.

या एका प्रश्नावर पाच गट लागतात की नाही? बाकीची लक्षणं मुलं आपोआप बाजूला लिहितात.

पेन्शनर_काका
सूक्ष्मदर्शी, 'लग्नाला पाणी लागतंच' हे आवडलं.

मी ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त. माझी तक्रार भाषेची आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ब्रायोफायटा हा नुसता आवाज असतो, पाठ केला की झालं. आपल्या मुलांना शब्दांचा अर्थ लागतो आणि तिथेच घात होतो.

उदाहरण पहिलं: शेवाळ. तळ्यावर तरंगतं ते शेवाळ, पायरीवर पाय घसरतो ते शेवाळ, पावसाळ्यात भिंतीवर मखमलीसारखं येतं तेही शेवाळच. यातलं पहिलं शैवाल, थॅलोफायटातलं. मखमल म्हणजे मॉस, ब्रायोफायटातलं. जुन्या परिभाषेत शैवले आणि शेवाळी असे दोन वेगळे शब्द केले होते, पण मात्रा आणि वेलांटीच्या फरकावर दोन गट तोलायचे हे चौदा वर्षांच्या मुलाकडून मागणं जास्तच झालं. मी वर्गात सरळ 'शैवाल' आणि 'मॉस' म्हणायचो, आणि शेवाळ हा शब्द वर्गाबाहेर ठेवायचो.

दुसरं: आवृत की आवृत्त? पुष्कळ ठिकाणी दोन त छापलेले दिसतात. आवृत म्हणजे झाकलेलं, आवरण शब्दाचा भाऊ. आवृत्त म्हणजे पुन्हा आलेलं, आवृत्ती त्यातलीच. अनावृत्तबीजी म्हटलं तर 'ज्याचं बी परत येत नाही' असा काहीतरी अर्थ व्हायचा. खडूफळा, तुम्ही एकच त लिहिलात, बरं वाटलं.

तिसरं: सपुष्प. पाइनला सपुष्प म्हणायचं, मग मूल विचारतं फूल कुठंय? उत्तर नाही. १८८३ मध्ये आइशलर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने गुप्त आणि प्रकट असे दोन भाग पाडले तेव्हा 'प्रजननाचे अवयव दिसतात की नाही' हा मुद्दा होता, फुलाचा नव्हे. म्हणून सबीजी-अबीजी बरं.

शब्दकोडे
काका, 'बीजपत्री' हा शब्द राहिला. काही ठिकाणी सगळ्या बीवाल्या वनस्पतींना बीजपत्री म्हणतात आणि पुढे लगेच एकबीजपत्री, द्विबीजपत्री. माझा भाचा म्हणाला, मग पाइनला किती? मी म्हटलं दोन असतील.

पेन्शनर_काका
पाइनला बरीच असतात, सहा-आठ, कधी दहाच्या वर. रोप उगवलं की वर छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली दिसतात. एक की दोन हा हिशोब फक्त आवृतबीजींचा. भाच्याला शाबासकी द्या आणि स्वतः एक पाइन रुजवून पाहा.

फांदीवरून
थोडं विरोधी सूर लावतो, माफ करा. वनस्पतींच्या वंशावळीवर काम करतो, त्यामुळे खुपलं.

सूक्ष्मदर्शींची 'पाण्यापासून सुटका' ही गोष्ट सुंदर आहे, पण मुलांच्या डोक्यात ती शिडी होऊन बसते. शैवालाचं मॉस झालं, मॉसचा नेचा झाला, नेच्याचा पाइन, पाइनला फुलं आली. वरच्या पायरीवरचा हुशार, खालचा मागासलेला. पुस्तकांतले 'प्रगत' आणि 'अप्रगत' हे शब्द याला खतपाणी घालतात. आजचं मॉस कोणाचाही पूर्वज नाही. ते आणि गुलाब एकाच जुन्या पूर्वजाचे वंशज, दोघांच्याही मागे तेवढीच वर्षं. जमिनीवर वनस्पती येऊन ४७ कोटींच्या आसपास वर्षं झाली असं धरलं, तर मॉसनेही तेवढीच वर्षं संसार केलाय.

शिडी मोडायला दोन गोष्टी सांगतो. एक, दगडी कोळसा. ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीत लेपिडोडेंड्रॉन नावाची झाडं ३० मीटर आणि त्याहून उंच वाढत होती. ती बी न धरणारी, आजच्या क्लब मॉसच्या (नावात मॉस असलं तरी हे टेरिडोफायटातलं) नात्यातली. 'खालच्या पायरी'वाल्यांचं एकेकाळी राज्य होतं. त्यांचे आजचे नातलग वीतभर उंचीचे आहेत आणि अजून आहेत. दोन, स्पायरोगायरा, गोड्या पाण्यातलं धाग्यासारखं शैवाल. बऱ्याच वर्गीकरणांत तिला वनस्पतीसृष्टीच्या उंबऱ्याबाहेर ठेवतात. पण जनुकांवरून पाहिलं तर जमिनीवरच्या सगळ्या वनस्पतींचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग स्पायरोगायराच्याच कुटुंबात निघाले. बाहेर बसवलेली ती सख्खी चुलत बहीण आहे.

सूक्ष्मदर्शी
मान्य. मीच दोनदा 'मग', 'पुढे' असं लिहिलंय, गोष्ट सांगताना जीभ तशी वळतेच. पण फांद्यांचा वंशवृक्ष नववीला कितपत झेपेल? माझा अनुभव, तो काढला की मुलं फांद्या मोजतात, नातं नाही वाचत.

फांदीवरून
आख्खा नको. फक्त 'प्रगत' हा शब्द फळ्यावर येऊ देऊ नका. त्याऐवजी "याने काय नवीन जमवलं?" असं विचारा. मॉसने जमीन जमवली, नेच्याने उंची, पाइनने बी, फुलवाल्यांनी फळ आणि पाहुणे कीटक. आणि "काय जमवल्यावाचून याचं काहीच अडलं नाही?" हेही विचारा. मॉसचं मुळांवाचून अडलेलं नाही.

गुणपत्रिका
'काय जमवलं' हा रकाना मात्र माझ्या तक्त्यात घेतेय. 🙂

रानवेडी
चर्चा वर वर चाललीय, जरा जमिनीवर येते. सरांना सात तासिकांत हाताने करता येईल असं काय, तर माझी दोन हुकमी दृश्यं.

पहिलं, नेच्याचं पान. मागच्या बाजूला तपकिरी ठिपके असतात, ते बीजाणुधानींचे, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांचे, पुंज. ठिपका फिकट हिरवा असेल तर कच्चा, गंजासारखा विस्कटलेला असेल तर रिकामा. गडद, चकाकणारा तपकिरी हवा. सुईने थोडं खरवडून काचपट्टीवर घ्या. पाणी घालू नका, वर झाकणकाचही नको. सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांत कमी वर्धनावर ठेवा आणि बाजूने टेबललॅम्प लावा. अर्धा-एक मिनिट थांबा.

प्रत्येक बीजाणुधानी एका बारीक देठावर बसलेल्या फुग्यासारखी दिसते आणि तिच्या पाठीवरून जाड पेशींचा पट्टा गेलेला असतो, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. ऊन लागलं की त्या पेशींतलं पाणी उडतं, पातळ बाहेरच्या भिंती आत ओढल्या जातात, आणि पट्टा मागे वाकायला लागतो. फुगा फाटतो. पट्टा मागे, अजून मागे, गोलंदाज कमान टाकतो तसा. आणि मग पेशींतल्या पाण्याचा ताण तुटून आत बुडबुडा होतो आणि अख्खा पट्टा सटकन पुढे येतो. बीजाणू नजरेच्या टप्प्यातून नाहीसे! एक उडाली की दुसरी, मग लाह्या फुटल्यासारखं सगळीकडे. दहावीच्या आईंच्या लेकीला हे दाखवा. झाडं नुसती उभी असतात म्हणे.

दुसरं, मॉस. वाळलेलं मॉस पाकिटात घालून ठेवून द्या, महिने गेले तरी चालतं. वर्गात त्यावर थेंबभर पाणी टाका. मुरगळलेली पानं मिनिटभरात पसरतात, मुलांच्या देखत. फ्युनेरिया या मॉसची पिकलेली बोंडी मिळाली, टोपण गळून पडलेली, तर भिंगाखाली धरून तिच्यावर हलका श्वास सोडा. तोंडाशी असलेले बारीक दात हलतात. ओल लागली की मिटायचं, कोरडं झालं की उघडायचं. बीजाणू कोरड्या हवेतच सोडायचे, एवढा हिशोब त्या दातांत आहे.

प्रयोगवही
रानवेडीताईंना अनुमोदन. सूक्ष्मदर्शक एकच असेल तर काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब टाकून पाहा, तेही पाणी ओढून घेतं. रांगेतल्या शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत खेळ संपलेला असतो, म्हणून दर पाच मुलांमागे नवी काचपट्टी करायची तयारी ठेवा. सूक्ष्मदर्शकच नसेल तर पिकलेलं पान ठिपके खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, वर जाड पुस्तक, रात्रभर. सकाळी कागदावर पानाचं तपकिरी चित्र उमटलेलं असतं. ती पूड म्हणजे बीजाणू.

तीच पूड रुजवता येते. माती चाळून पारदर्शक डब्यात घ्या, उकळतं पाणी ओतून निववा, नाहीतर बुरशी आणि मॉस आधी जागा अडवतात. पूड चिमटीने भुरभुरा, माती टाकू नका, झाकण लावा, उजेडात पण उन्हात नाही.

खडूफळा
तीन आठवड्यांनी परत आलोय. सगळ्यांचे आभार. यश-अपयश दोन्ही लिहितो.

पहिली तासिका सुरूच्या झाडावर. फांद्या वाटल्या, भिंगं वाटली, एकही शब्द न सांगता "याची पानं काढून कागदावर चिकटवा" म्हटलं. वीस मिनिटं वर्ग हिरव्या काड्या चिकटवत होता. मग कोणाला तरी पेरं सापडली, मग दात. त्यानंतरचा गोंधळ आवरायला वेळ लागला, गुणपत्रिकाताईंचं भाकीत खरं ठरलं. पण दाते मोजायला लागल्यावर वर्ग आपोआप शांत झाला.

दुसरीकडे फसलो. "घराजवळून नेचा आणा, ठिपके असलेला" असं सांगितलं. तेरा पानं आली. त्यातली चार शोभेचा ॲस्परॅगस, ज्याला सगळे फर्न म्हणतात आणि जो नेचा नाहीच. एकाने आणलेल्या पानावर ठिपके एकदम छान, तपकिरी, फुगीर. भिंगाखाली घेतलं तर खवले कीड! दोन मुली किंचाळल्या. पण फरक सगळ्या वर्गाने स्वतःच शोधला: पुंज ठराविक अंतरावर रांगेत असतात, कीड कुठेही बसते, पानाच्या वरच्या बाजूलाही. हा तक्ता मी आयुष्यात काढला नसता.

बीजाणू उडताना पाहिले. एक मुलगा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून "आत्ता, आत्ता, आत्ता..." असं म्हणत बसला होता, मागच्या रांगेने त्याला ओढून काढला.

मॉसच्या बोंडीवरचा श्वासाचा प्रयोग जमला नाही. बोंड्या कच्च्या होत्या.

एक माझी भर. प्रजातींची ढोबळ संख्या घेऊन कागदी पट्टी केली, एक सेंटिमीटर म्हणजे एक हजार प्रजाती. अनावृतबीजींना जेमतेम १ सेंटिमीटर, नेचे आणि त्यांचे नातलग १२, मॉस मंडळी २०. आवृतबीजींची पट्टी ३ मीटर झाली, फळा संपून खिडकीपर्यंत गेली. "मग पुस्तकात सगळ्यांना सारखी जागा का?" असं एकाने विचारलं. फांदीवरून, उत्तर तुम्ही द्या.

तक्ता सहाव्या तासिकेला आला, रिकाम्या चौकटींचा. भरला मुलांनी. 'पोहतो का?' आणि 'काय जमवलं?' हे दोन रकाने ठेवले. शैवालांची चौकट आत की बाहेर यावर वर्गात दोन तट पडलेत, मी मिटवलं नाही.

फांदीवरून
सारखी जागा कारण गट संख्येने पाडत नाहीत, वेगळेपणाने पाडतात. आणि त्या १ सेंटिमीटरमध्ये जगातलं सर्वांत उंच झाड बसतं, ११५ मीटरहून जास्त उंचीचा कोस्ट रेडवूड, हेही त्या मुलाला सांगा. ३ मीटरच्या पट्टीत वुल्फिया ही पाणवनस्पतीसुद्धा आहे, मिलिमीटरपेक्षा लहान, तरी फुलणारी.

गुणपत्रिका
चाचणीत काय झालं ते नाही सांगितलंत, सर.

खडूफळा
सांगतो. 'फरक स्पष्ट करा'मध्ये गुण मागच्या वर्षीइतकेच, उगाच वाढवून सांगत नाही. दोन-तीन पाठांतरवाल्यांचे तर थोडे कमी झाले. फरक पडला तो न पाहिलेल्या फांदीच्या प्रश्नात. गेल्या वर्षी बहुतेकांनी नाव आठवायचा प्रयत्न केला होता. यंदा पुष्कळांनी लिहिलं, "बी दिसत नाही, फळ कापून पाहावं लागेल." नियमाने चूक, कारण उत्तर हवं होतं गटाचं नाव. मी गुण दिले.

गुणपत्रिका
मीही दिले असते. तो रिकामा तक्ता इथे टाकाल का?

दहावीची_आई
लेकीने दारातल्या नेच्याचं पान पुस्तकाखाली ठेवलं होतं. कागदाला आता कोणी हात लावायचा नाही असा हुकूम आहे.

खडूफळा
दोन महिन्यांनंतर पुन्हा वर काढतोय धागा. डबा अजून वर्गाच्या खिडकीत आहे. आधी मातीवर हिरवी साय आली, मुलांना वाटलं शैवाल आलं आणि प्रयोग गेला. टाकून देणार होतो. त्याच मुलीने, सुरूवालीने, भिंग लावलं. आता सगळीकडे बारीक बदाम दिसतायत, मोठ्यात मोठा चार-पाच मिलिमीटर. पण पुढे काहीच होत नाही, नेच्याचं रोप येत नाही. मातीला डब्याच्या तळातून ओल आहे, झाकण बंद आहे. चुकतंय काय?

प्रयोगवही
सर, ओल तळातून आहे, पण बदामांच्या खाली पाण्याचा थर हवा. तुम्हीच शिकवलंत ना? फवाऱ्याने वरून पाणी मारा, बदाम भिजून निथळतील एवढं. त्यानंतर दोन-तीन आठवडे हलवू नका.

खडूफळा
अरे देवा. सोमवारी मुलांनाच विचारतो की काय कमी आहे. फवारा आणून ठेवतो.